पुण्याहून लेहला बाबागाडी घेऊन: लहान मुलांच्या आईबाबांसाठी

तुम्ही लेहचं तिकीट अजून काढलेलं नाही, असं धरून लिहिते आहे. काढलं असेल तरी हरकत नाही. फक्त पहिल्या दोन दिवसांचं वेळापत्रक कोरं ठेवता येईल का, एवढं आधी बघा. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांच्या बाबतीत बाकी सगळं त्यावर अवलंबून असतं.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि लेह ३,५०० मीटरवर. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण इथल्याइतकंच, म्हणजे २१ टक्क्यांच्या आसपास असतं. पण हवेचा दाब पुण्याच्या जेमतेम ७० टक्के असल्यामुळे एका श्वासात पोटापुरता ऑक्सिजन मिळत नाही. मग शरीर श्वासाचा वेग वाढवतं, झोप बिघडते, भूक जाते. याची सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ पैसे टाकून विकत घेता येत नाही.

आम्ही जायचं ठरवलं तेव्हा बहुतेक सगळे म्हणाले, "दर रविवारी सिंहगड चढता ना, मग कसली काळजी?" सिंहगड १,३०० मीटरच्या आसपास, आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. या उंचीवर शरीराला विरळ हवेची सवय होत नाही. व्यायामाने पाय तयार होतात, पण उंचीचा त्रास धडधाकट माणसालाही होतो आणि कधी कधी त्यालाच जास्त, कारण तो पहिल्याच दिवशी भराभर चालतो. मुलांचंही तेच. दिवसभर दंगा घालणारं मूल तिथे ठणठणीत राहील, याची खात्री देता येत नाही.

किती वयाचं मूल न्यावं

माझं स्पष्ट मत आहे: एक वर्षाच्या आतलं बाळ केवळ फिरण्यासाठी लेहला नेऊ नका. दोन वर्षांच्या आतलं असेल तर तुमच्या मुलांच्या डॉक्टरांशी नीट बसून बोला. ज्या मुलाला "डोकं दुखतंय" हे सांगता येत नाही, त्याचा त्रास ओळखणं फार अवघड असतं. आमची धाकटी तेव्हा सव्वादोन वर्षांची होती आणि थोरला पाच वर्षांचा. थोरल्याने "आई, कपाळात टकटक होतंय" असं सांगितलं. धाकटीने नुसता भाताचा घास ढकलून दिला. एकाच दुखण्याची ही दोन रूपं होती.

डॉक्टरांकडे निघण्याआधी तीन-चार आठवडे जा. मूल मुदतीआधी जन्मलेलं असेल, हृदयाला छिद्र किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल, रक्त कमी असेल, डाऊन सिंड्रोम असेल, तर ते आठवणीने सांगा. या मुलांना उंचीवर धोका जास्त असतो. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी शेजाऱ्यांनी घेतली म्हणून मुलाला देऊ नका. ती द्यायची की नाही आणि द्यायची तर वजनानुसार किती, हे डॉक्टरच ठरवतील. पॅरासिटामॉल आणि ओआरएस मात्र विचारून बरोबर ठेवा. ज्याने गुंगी येते असं खोकल्याचं किंवा सर्दीचं औषध तिथे टाळायचं.

आणखी एक गोष्ट लोक हसण्यावारी नेतात: सर्दी. निघायच्या आठवड्यात मुलाला जोरदार सर्दी-खोकला किंवा ताप असेल तर जाणं पुढे ढकला. छातीत संसर्ग असताना उंचीवर गेलं की फुप्फुसात पाणी होण्याचा धोका मुलांमध्ये वाढतो. म्हणूनच तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी.

विमानाने की रस्त्याने

विमानाने जाणं सोपं आहे, पण शरीरासाठी तोच अवघड मार्ग आहे, कारण सवय व्हायला वेळच मिळत नाही. लेहची विमानं बहुतेक सकाळी असतात, कारण दुपारनंतर तिथे वारा सुटतो. त्यामुळे पुण्याहून जाणाऱ्याला पहाटे दिल्लीत असावं लागतं. रात्रीच्या विमानाने लोहगावहून निघून पहाटेपर्यंत दिल्लीच्या विमानतळावर मुलांना खुर्चीत झोपवायचा मोह होतो, कारण एका खोलीचं भाडं वाचतं. असं करू नका. जागरण झालेलं, चिडचिडं मूल घेऊन तुम्ही लेहला उतराल आणि मग ते थकव्यामुळे रडतंय की उंचीमुळे, हे तुम्हाला कळणार नाही. दिल्लीत एक रात्र नीट झोपा.

रस्त्याने जायचं तर श्रीनगरकडून जा. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत आहे आणि कारगिल २,७०० च्या आसपास. श्रीनगरला दोन रात्री आणि कारगिलला एक रात्र काढली की उंची पायरीपायरीने वाढते. वाटेत झोजिला आणि ४,१०० मीटरची फोतू ला या खिंडी ओलांडाव्या लागतात, पण तिथे झोपायचं नसतं. त्रासाच्या बाबतीत आपण रात्री किती उंचीवर झोपतो हे जास्त महत्त्वाचं. मनालीकडून चढत जाणारा रस्ता लहान मुलांसाठी मला मुळीच पटत नाही. त्यावर पाच हजार मीटरच्या पुढची खिंड आहे आणि मुक्कामाची बरीच ठिकाणं लेहपेक्षाही उंच आहेत.

बाबागाडी न्यायची का, आणि कुठली

न्यायची. पण ती कशासाठी न्यायची, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पुण्यात आपण बाबागाडी मुलाला बसता यावं म्हणून घेतो. लेहमध्ये ती आईबाबांच्या दमासाठी लागते. अकरा-बारा किलोचं मूल कडेवर घेऊन चढाची गल्ली चढणं हा तिथे पहिल्या दिवशी मोठा व्यायाम ठरतो, आणि संध्याकाळी डोकं धरून बसायची वेळ येते. मुलाकडे लक्ष द्यायला निदान एक तरी मोठं माणूस धड असलं पाहिजे.

आमच्या बाबतीत हे असं घडलं. खोली तळमजल्यावर हवी असं फोनवर सांगितलं होतं, तरी उतरल्यावर कळलं की ती दुसऱ्या मजल्यावर आहे. नवऱ्याने एका हातात मिटलेली गाडी धरली आणि दुसऱ्या कडेवर झोपलेली धाकटी घेतली. दोन जिने एका दमात चढला आणि शेवटच्या पायरीवर मटकन बसला. ओठ पांढरे पडलेले, बोलताना दोन शब्दांनंतर श्वास. पुढचे दोन दिवस त्याचं डोकं ठणकत होतं आणि दोन्ही मुलांचं सगळं मी एकटीने केलं. त्या घरच्या आजींना सगळे अमा-ले म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून आम्हाला अंगणालगतच्या खोलीत हलवलं. तेव्हा तळमजला मिळतो आहे का, हे बुकिंग करताना लेखी मागा.

गाडी निवडताना हे पाहा. सहा ते आठ किलोची, एका हाताने मिटणारी, पाच पट्ट्यांची आणि डोळ्यांपर्यंत खाली येणाऱ्या छताची असावी. चाकं मॉलमधल्या गुळगुळीत फरशीसाठी असतात तशी अगदी चिमुकली नकोत. खडीत ती अडकतात आणि गाडी नाकावर पडते. फार मोठ्या चाकांची, पंधरा किलोची गाडीही नको, कारण ती टॅक्सीच्या डिकीत सामानाबरोबर मावत नाही. हवा भरायची चाकं असतील तर पुण्यात टणक भरू नका. बाहेरचा दाब कमी झाला की टायर आपोआप आणखी कडक होतात.

ब्रेक तपासा आणि दांड्याला मनगटात अडकवायचा पट्टा बांधा. लेह उताराचं गाव आहे, हातातून गाडी सुटली तर थांबत नाही. दांड्यावर जड पिशवी लटकवू नका. मुलाला उचलल्याबरोबर गाडी मागे कलंडते.

गाडीबरोबर अंगावर बांधायचं कॅरिअर हवंच, कारण गोंपांमध्ये, म्हणजे तिथल्या बौद्ध मठांमध्ये, पायऱ्याच पायऱ्या असतात. पुण्यात दोन्हींची तालीम करून पाहा. जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ गाडीसाठी चांगला, आणि कॅरिअरसाठी पर्वतीच्या १०३ पायऱ्या. मूल कॅरिअरमध्ये अर्धा तास शांत बसतं का, ते तिथेच कळेल. थंडीत मात्र कॅरिअरमधून लोंबणारे पाय तपासत राहा. आपण चालून तापलेले असतो, पण मूल हलत नसल्यामुळे त्याचे पाय गार पडतात.

विमानात बाबागाडी दारापर्यंत नेता येते का आणि उतरल्यावर कुठे मिळते, हे आपल्या विमान कंपनीला आधी विचारा. गाडीवर नाव आणि फोन नंबर चिकटवा आणि ती मोठ्या पिशवीत घाला.

पहिले दोन दिवस

उतरलात की सरळ खोलीवर जा. वाटेत "एवढा स्तूप बघून घेऊ" असं नको. मूल झोपलं तर झोपू द्या, पण दिवसभर गाढ झोपूनच राहिलं तर मधे उठवून पाणी द्या आणि दोन शब्द बोला. ओळखीने बघतंय, हसतंय, म्हणजे ठीक आहे.

मुलांना खोलीत बसवून ठेवायला काहीतरी हवं. आम्ही चितळ्यांच्या बाकरवडीचं पाकीट नेलं होतं. पिशवी उघडली तर ते उशीसारखं टम्म फुगलेलं. थोरल्याने ते दोन्ही हातांनी दाबलं आणि विचारलं, "आई, यात कुणी फुंकलं?" पाकिटातली हवा पुण्याची आणि बाहेरची लेहची, हे त्याला त्या पाकिटावरून पाच मिनिटांत समजलं. खेळण्यांपेक्षा त्या पाकिटानेच त्याचा दुपारचा एक तास घेतला. फुगा, रंग, चित्रांचं पुस्तक, असं बैठं काहीतरी न्याच. पळापळीचा खेळ पहिल्या दिवशी टाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूल नीट खात असेल, खेळत असेल, तर तासाभरासाठी गाडी बाहेर काढा. सपाट भागातच फिरा आणि दम लागायच्या आधी परत या. पहिल्या दोन दिवसांत डोक्यावरून गार पाण्याने अंघोळ नको, अंग पुसून घेतलं तरी पुरे.

रात्री एका गोष्टीने घाबरायला होतं. झोपेत श्वास भराभर चालतो, मग काही सेकंद थांबल्यासारखा होतो आणि एक मोठा श्वास येऊन पुन्हा सुरू होतो. उंचीवर मोठ्यांनाही असं होतं. मूल गुलाबी दिसत असेल, हाक मारल्यावर हलत असेल, तर काळजीचं कारण नाही. खोली गरम करायला बंद दाराआड कोळशाची शेगडी मात्र अजिबात पेटवू देऊ नका. पांघरूण वाढवा.

त्रास होतोय हे कसं ओळखायचं

साधा त्रास पोचल्यानंतर काही तासांत सुरू होतो आणि विश्रांती घेतली तर एक-दोन दिवसांत ओसरतो. मोठं मूल डोकेदुखी, मळमळ, चक्कर सांगतं. लहान मूल सांगत नाही. ते जेवत नाही, खेळणं टाकून देतं, कारण नसताना किरकिरतं, उलटी करतं, रात्रभर चाळवतं. माझा नियम साधा आहे: उंचीवर मूल बिघडलं तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच, असं धरायचं. "दात येत असतील", "प्रवासाने झालं असेल" असं म्हणत दिवस काढायचा नाही आणि त्या अवस्थेत आणखी वर तर जायचंच नाही.

पुढची लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका: बसल्या जागी धाप लागणं, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाणं, न थांबणारा खोकला, ओठ किंवा नखं निळसर दिसणं, चालताना तोल जाणं, हाक मारूनही जागं न होणं, सारख्या उलट्या. लगेच दवाखाना गाठा. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. आपल्या खोलीपासून तिथला रस्ता आणि रात्री बोलावता येईल असा टॅक्सीवाला, या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी पक्क्या करा.

खाली उतरणं हा यावरचा खरा उपाय आहे, आणि इथेच लेहची अडचण आहे. महाबळेश्वरला त्रास झाला तर गाडी काढून तासाभरात वाईला येता येतं. लेह चारी बाजूंनी खिंडींनी वेढलेलं आहे. श्रीनगर किंवा मनालीला रस्त्याने जायचं तर खरं खाली उतरण्याआधी उंच खिंडी चढाव्या लागतात. सिंधूच्या कडेने पश्चिमेला आल्ची किंवा खाल्त्सेपर्यंत गेलात तर चारपाचशे मीटरच उतरता येतं. खरं खाली यायचं तर विमानच, आणि तेही बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी. तोपर्यंत ऑक्सिजन आणि डॉक्टरच आधार. म्हणून लेहमध्ये लक्षणं लवकर ओळखणं फार गरजेचं आहे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नेलात तर त्यावर फार विसंबू नका. तिथे निरोगी माणसाचाही आकडा पुण्यापेक्षा कमीच येतो आणि मुलांच्या गार, हलत्या बोटांवर तो भलताच दिसतो.

फोनचंही बघा. पुण्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

गाडी कुठे चालते, कुठे नाही

मुख्य बाजार गाडीसाठी उत्तम. फरसबंदी रस्ता आहे, वाहनं नाहीत, कडेला बसायला जागा आहे, आणि भाजी-जर्दाळू विकणाऱ्या बायका मुलांशी हमखास बोलतात. मुलांना "जुले" म्हणायला शिकवा. नमस्कार, निरोप, आभार, सगळं त्या एका शब्दात होतं. बाजारामागच्या जुन्या गावात गाडी नेऊ नका. गल्ल्या अरुंद, चढ उभा आणि मधेच पायऱ्या. तिथून वरचा नऊ मजली राजवाडाही मुलांसह खालूनच बघा, किंवा टॅक्सीने जवळ जाऊन.

शांती स्तूपाला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, पण दुसऱ्या बाजूने वरपर्यंत रस्ता जातो. वरच्या मोकळ्या अंगणात गाडी फिरते. शे गावाजवळचा सिंधू घाट मोकळा आणि बराचसा सपाट आहे, पण पाणी बर्फाळ आणि ओढ जोरदार, त्यामुळे मुलाचा हात सोडू नका. लष्कराचं हॉल ऑफ फेम हे संग्रहालय विमानतळाजवळ आहे, तिथे मोठी मुलं रमतात. ठिकसे गोंपा सुंदर आहे, पण एकावर एक बारा मजले चढलेला आहे. गाडी टॅक्सीत ठेवा, मुलाला कॅरिअरमध्ये घ्या आणि चौथ्या दिवसाच्या आधी तिकडे जाऊ नका. सिंधू-झंस्कारचा संगम आणि आल्ची लेहपेक्षा कमी उंचीवर असल्यामुळे मुलांसाठी हा दिवस सगळ्यात सोपा जातो. आल्चीचा जुना गोंपा डोंगरावर नाही, गावातच आहे.

खारदुंग ला आणि पॅन्गाँग सरोवर मात्र मी लहान मुलांसाठी सोडून द्या म्हणेन. खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. पॅन्गाँगचा मुक्काम ४,२०० मीटरच्या पुढे, आणि जाताना खारदुंग लाइतकीच उंच चांग ला. ते निळं पाणी बघायची इच्छा मीही दाबून धरली आहे. धाकटी दहा वर्षांची झाली की जाऊ.

टॅक्सीत मुलांची सीट मिळेल असं धरू नका. जमल्यास स्वतःची न्या.

खाणं, पाणी, ऊन

लेहमध्ये पाणी साधारण ८८ अंशांवरच उकळतं. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ-भात शिजता शिजत नाही, कुकर लागतो. घरगुती गेस्ट हाउस घेतलंत तर मऊ खिचडी करून मिळते. मेतकूट, नाचणीसत्त्व आणि तूप बरोबर न्या, ओळखीच्या चवीचे चार घास तरी पोटात जातात. पाणी उकळताना उकळी आल्यावर तीन मिनिटं थांबा. थोडं थोडं आणि सारखं पाजत राहा. अंगावर पिणाऱ्या मुलाला नेहमीपेक्षा जास्त वेळा घ्या आणि स्वतःही पाणी प्या. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय.

ऊन फसवं असतं. हवा गार लागते आणि गाल भाजून निघतात, कारण दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, मान झाकणारी टोपी, गॉगल, सनस्क्रीन. ओठांना आणि नाकपुड्यांच्या कडांना साजूक तूप किंवा व्हॅसलीन लावा, कोरड्या हवेने घोळणा फुटतो. मात्र ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपट्टा पूर्ण पांघरू नका. आत हवा खेळत नाही आणि बघता बघता उष्णता वाढते. छत खाली ओढा आणि दिशा बदला.

परत येताना

दिल्लीला विमान उतरायला लागलं की मुलांचे कान दुखतात. तेव्हा झोपू देऊ नका. अंगावर पाजा किंवा घोटघोट पाणी द्या, मोठ्याला चघळायला काहीतरी द्या. थोरल्याने लेहमध्ये पाण्याची रिकामी बाटली झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवली होती. दिल्लीत त्याने ती बाहेर काढली तेव्हा ती दोन्ही बाजूंनी आत दबलेली होती. "आता ही लेहची हवा," असं म्हणत त्याने ती तशीच पुण्याला आणली.